आधी शाफ्टची लांबी, मग अश्वशक्ती: आंजर्ले खाडीतील एका शिडाच्या होडीचे प्रकरण

या प्रकरणातील होडी २१ फूट लांबीची, फायबरची, एका डोलकाठीची आणि दोन शिडांची आहे. तिची कील (तळाखालचे जड पाते) वर उचलता येते. ती वर घेतली की होडीला दोन फूट पाणी पुरते आणि पूर्ण खाली सोडली की चार फूट लागते. पाण्याला टेकलेली लांबी १८ फूट आहे. रिकाम्या होडीचे वजन सुमारे ९०० किलो असले, तरी चार माणसे, साखळीसह नांगर, शिडे, पिण्याचे पाणी आणि इंधन धरून ते १,३०० किलोपर्यंत जाते. मालक दापोली तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहेत आणि बंदरावर सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख केला आहे. होडी अडखळ-आंजर्ले पुलाच्या मुखाकडील अंगाला नांगरलेली असते. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे, सुवर्णदुर्गाला वळसा घालून हर्णैच्या बाजूला जायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, असा तिचा नेहमीचा वापर आहे. जुने आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून बसवलेले, इंजिन बदलायचे ठरल्यावर गुरुजींनी मला सल्ला विचारला. त्यांचा प्रश्न सरळ होता: ९.९ एचपी घ्यावे की थेट १५?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी खाडीचे मुख समजून घेणे आवश्यक होते. जोग नदी समुद्राला मिळते तेथे वाळू आणि गाळ साचून मुख उथळ झाले आहे, आणि हर्णैच्या मच्छीमार नौकाही येथे रुतल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. निम्म्या भरतीच्या वर पाणी असेल तरच गुरुजींची होडी निर्धास्त आत येऊ शकते. दुपारनंतर वायव्येचा वारा समुद्राकडून आत वाहत असतो आणि त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल, तर खाडीचे पाणी त्याच्या समोरून बाहेर पडते. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की मुखावरच्या लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ अडीच नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जाते, असा तेथील तांडेलांचा, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखांचा, अंदाज आहे. इंजिनाची खरी गरज असते ती याच अरुंद पट्ट्यात. बाकी सगळीकडे शीड पुरते, आणि नाही पुरले तरी नांगर टाकून वाऱ्याची वाट पाहता येते.

जुने इंजिन ८ एचपीचे, टू-स्ट्रोक, १५ इंच शाफ्टचे (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा) होते आणि ते एका लहान मच्छीमार होडीवरून उतरवून घेतलेले होते. घटना घडली ती मार्चमधल्या एका दुपारी, मुखावरच. मोठे शीड उतरवण्यासाठी दोघे जण डोलकाठीपाशी पुढे गेले, त्याच क्षणी मागचा भाग लाटेवर उचलला गेला, पंखा हवेत आला, इंजिन किंचाळल्यासारखे धावू लागले आणि होडीची गती गेली. पंखा पुन्हा पाण्यात येईपर्यंत होडी लाटांना आडवी झालेली होती. पुढचे लहान शीड अजून उभे असल्यामुळे गुरुजींनी होडी वळवून परत समुद्रात नेली आणि सुवर्णदुर्गाच्या आडोशाला भरती येईपर्यंत नांगर टाकून थांबले. कोणालाही इजा झाली नाही. ‘इंजिन कमी पडले’ असा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला, आणि दुकानदाराने त्याला दुजोरा देऊन ९.९ एचपी सुचवले.

मला हा निष्कर्ष पटला नाही, कारण शक्ती कमी पडली असती तर इंजिन जड आवाजात गुरगुरले असते. येथे तर ते मोकळे धावले होते. हर्णैच्या एका जुन्या तांडेलाने हेच कमी शब्दांत सांगितले होते: “गुरुजी, मशीन पाण्यात असंल तर मशीन. वर आली की नुसता आवाज.”

म्हणून आम्ही सर्वप्रथम मोजमाप केले, आणि ते कसे केले हे सविस्तर सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण कोणत्याही शिडाच्या होडीवर ते अर्ध्या तासात करता येते. वारा पडलेल्या सकाळी होडी जेटीला बांधून मागच्या फळीवर, जिथे इंजिनाचा ब्रॅकेट (इंजिन वर-खाली करता येणारा आधार) बसतो तिथे, पाण्याच्या रेषेपासून वर दर दोन इंचांवर जाड मार्करने खुणा केल्या. फळीची वरची कड पाण्यापासून २२ इंचांवर निघाली. ब्रॅकेट पूर्ण खाली दाबला असता इंजिन ज्या लाकडी पट्टीवर बसते ती पाण्यापासून ११ इंच वर होती. आउटबोर्डच्या शाफ्टची लांबी साधारणपणे या बैठकीपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजतात. ही पट्टी पाण्याखाली राहिली तरच पंखा पृष्ठभागावरची हवा ओढत नाही. १५ इंचांतून ११ वजा केले की उरतात चार. म्हणजे सगळे जण मागे बसलेले असताना, आरशासारख्या सपाट पाण्यात जुन्या इंजिनाची पट्टी जेमतेम चार इंच खाली होती.

त्यानंतर दोघांना डोलकाठीच्या पुढे उभे केले. मागची फळी हळूहळू वर आली आणि चार इंचांवर थांबली. चारातून चार गेले. एकही लाट नसताना, केवळ दोन माणसे पुढे गेल्याने पट्टी पाण्याच्या पातळीला आली होती. दोन फुटांच्या लाटेत मागचा भाग याशिवाय आठ-नऊ इंच सहज उचलला जातो. अशा स्थितीत ८ एचपीच्या जागी १५ एचपी बसवले असते, तरी पंखा तितकाच हवेत आला असता, फक्त आवाज मोठा झाला असता.

बाजारात लहान आउटबोर्ड प्रामुख्याने तीन लांबीत मिळतात: १५ इंच म्हणजे शॉर्ट, २० इंच म्हणजे लाँग आणि २५ इंच म्हणजे एक्स्ट्रा लाँग. हाच हिशेब पुढे नेला तर २० इंच शाफ्टची पट्टी सर्व जण मागे असताना नऊ इंच आणि दोघे पुढे गेल्यावर पाच इंच खाली राहते. खाडीच्या आत हे पुरेसे आहे, मुखावर नाही. २५ इंचाची पट्टी अनुक्रमे चौदा आणि दहा इंच खाली राहते, आणि आठ-नऊ इंचांची उचल सोसूनही ती पाण्यातच असते. निर्णयाचा मोठा भाग येथेच संपला होता.

शॉर्ट शाफ्ट सगळीकडे दिसतो याला कारण आहे. किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमार होड्यांची मागची फळी बुटकी असते, माणसे आणि जाळी बहुतेक मागे असतात, आणि वाळूवर ओढून घेताना लांब शाफ्ट आड येतो. त्यांच्यासाठी १५ इंच योग्यच आहे. कोकणात शिडाची होडी हौसेने ठेवणारे मोजकेच असल्यामुळे दुकानातला सल्ला साहजिकच मच्छीमारांच्या गरजेवर बेतलेला असतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र आपली होडी त्या जातीची नाही हे गिऱ्हाइकाने स्वतः सांगितले पाहिजे.

एक्स्ट्रा लाँगचे तोटेही मोजले. पट्टीच्या खाली पंखा आणि खालचे पाते मिळून आणखी दहा-अकरा इंच असतात, म्हणजे इंजिनाचे टोक पाण्याखाली दोन फुटांपर्यंत जाते. कील वर घेतलेल्या होडीला तेवढेच पाणी लागते. वाळूच्या पट्ट्यावर कीलच्या आधी इंजिन टेकण्याची शक्यता त्यामुळे खरी आहे, आणि कील थोडी खाली सोडूनच आत यायचे, म्हणजे तळाचा पहिला स्पर्श कीलला होईल, असा नियम गुरुजींनी स्वतःला घालून घेतला. दुसरा प्रश्न इंजिन वर उचलल्यावरचा होता. शीड लावलेले असताना पंखा पाण्यात राहिला तर होडीची गती खातो, आणि कायम बुडलेल्या धातूवर कवचधारी जीवांचा थर चढतो. जुना ब्रॅकेट वर घेऊन इंजिन तिरके केले, तरी २५ इंच शाफ्टचे टोक पाण्याला लागत राहिले असते, म्हणून जास्त उचल असलेला स्प्रिंगचा ब्रॅकेट घ्यावा लागला.

आता अश्वशक्ती. शिडाच्या जड होडीला वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ने गुणले की ती नॉटमध्ये मिळते. १८चे वर्गमूळ ४.२४, म्हणून या होडीची मर्यादा सुमारे ५.७ नॉट. त्या वेगाला पोचल्यावर होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढची जादा शक्ती केवळ लाट मोठी करण्यात खर्च होते. अशा होड्यांसाठी एक टन वजनाला चार एचपी हा जुना ठोकताळा आहे, १.३ टनाला तो ५.२ एचपी देतो. वाऱ्याचा विरोध वेगळा धरावा लागतो. डोलकाठी, दोर, केबिन आणि माणसे मिळून समोरून चार चौरस मीटर क्षेत्र धरले, तर १० नॉटच्या वाऱ्यात साधारण साडेसहा किलोचा आणि २० नॉटच्या वाऱ्यात २६ किलोचा दाब येतो, कारण वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हे सर्व धरूनही ६ एचपी पुरेसे होते. अडीच नॉटच्या ओढीविरुद्ध पाच नॉटने चालले, तर जमिनीच्या हिशेबाने अडीच नॉट उरतात, ९.९ एचपीने त्यात फार तर अर्धा नॉट वाढला असता.

त्या अर्ध्या नॉटची किंमत वजनात द्यावी लागते. ४, ५ आणि ६ एचपीची फोर-स्ट्रोक इंजिने अनेक कंपन्यांकडे एकाच सिलिंडरवर बेतलेली असतात. टोहात्सूमध्ये तो १२३ घन सेंटिमीटरचा आहे, सुझुकीमध्ये १३८चा. म्हणून ४ आणि ६ एचपीच्या वजनात फरक जवळपास नसतो, आणि दोन्ही २५ ते २८ किलोंच्या आसपास असतात. त्यापुढे ८ आणि ९.९ एचपीला दोन सिलिंडर येतात आणि वजन ३८ ते ४५ किलोंवर जाते. हे वजन होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला, ब्रॅकेटमुळे त्याहूनही मागे लटकते. मागचा भाग दबतो, फळी पाण्यात बुडते आणि मंद वाऱ्यात होडी पाणी ओढत चालते. शिवाय इंजिन काढून किनाऱ्यावर न्यायचे तर डगमगत्या होडीवरून ते हातांनी उचलावे लागते. पासष्टीच्या माणसाने मदतनीस घेऊन २७ किलो उचलणे शक्य आहे, ४२ किलो नाही.

ज्या इतर पर्यायांचा विचार झाला त्यांचा निकाल लवकर लागला. अडीच एचपीच्या वर्गातले इंजिन चौदा किलोंच्या आत मिळते, पण त्यातील काहींना रिव्हर्स गिअर नसतो आणि ओहोटीविरुद्ध ते तोकडे पडले असते. विजेचे मोटरइंजिन मला मनापासून आवडते. टॉर्कीडोच्या ट्रॅव्हल ११०३ची बॅटरी ९१५ वॉट-तासांची आणि मोटर ११०० वॉटची आहे, म्हणजे पूर्ण शक्तीवर सुमारे पन्नास मिनिटे. कर्ली किंवा आचऱ्यासारख्या शांत खाडीत फिरणाऱ्यासाठी ते उत्तम आहे. मुखावर भरतीचे गणित हुकले तर मात्र पन्नास मिनिटांचा भरवसा पुरत नाही. सगळ्यांत अवघड निवड टू-स्ट्रोकबाबत होती, कारण हर्णैच्या मेकॅनिकला ते डोळे मिटून उघडता येते, सुटे भाग हाताशी असतात आणि वजनही कमी असते. परंतु तेल-पेट्रोलच्या मिश्रणाचा धूर, मंद गतीवर प्लग काजळणे आणि जास्त इंधन हे दोष आहेतच, आणि हव्या त्या शाफ्टचे टू-स्ट्रोक मिळेना. शेवटी ६ एचपी, फोर-स्ट्रोक, २५ इंच शाफ्ट आणि कमी पिचचा पंखा ही निवड ठरली.

पंख्याकडे सहसा दुर्लक्ष होते, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितके इंच पुढे सरकेल ते अंतर. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे आणि गिअरचे प्रमाण २.१ धरले तर पंखा सुमारे २,३८० फेरे घेतो. आठ इंच पिचला हा वेग १५.७ नॉट येतो, सहा इंचाला ११.८. जी होडी ५.७ नॉटच्या पुढे जाऊच शकत नाही, तिला आठ इंची पंखा देणे म्हणजे भरलेली हातगाडी चढावर नेताना सायकल सर्वांत जड गिअरमध्ये टाकण्यासारखे आहे: इंजिन पूर्ण फेऱ्यांना पोचत नाही आणि त्याची कागदावरची शक्ती कधी मिळतच नाही. हलक्या डिंगीसाठी (लहान होडीसाठी) दिलेला मूळ पंखा काढून सहा इंच पिचचा पंखा आम्ही खरेदीच्या वेळीच मागितला.

इंजिन कोणत्या बाजूला बसवायचे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण या किनाऱ्यावर तो तसा नाही. सुकाणू मधोमध असल्याने ब्रॅकेट एका कडेला बसतो, आणि जुना ब्रॅकेट डावीकडे होता. आंजर्ल्याच्या खाडीत शिरताना होडीचे तोंड पूर्वेला आणि वारा वायव्येचा, म्हणजे मागून डावीकडून येतो; शीड थोडे जरी उभे असेल तरी होडी उजवीकडे कलते आणि डावीकडचे इंजिन वर उचलले जाते. मार्चच्या घटनेत याचाही वाटा होता, असे माझे मत आहे. नवा ब्रॅकेट उजवीकडे बसवला आणि आतून फळीचा आधार देऊन आरपार बोल्टने आवळला. बाहेर जाताना कल उलटा होतो हे खरे, पण ती वेळ बहुधा सकाळची, मंद मतलई वाऱ्याची असते.

चाचणी आधी खाडीच्या आत, भरती थांबलेली असताना घेतली. पूर्ण थ्रॉटलवर जीपीएसने ५.५ नॉट दाखवले, निम्म्यावर ४.५. जुने ८ एचपी त्याच पाण्यात ५.६ देत असे. दोन एचपी कमी करून गमावला तो एक दशांश नॉट. मुखावर ओहोटीच्या सुरुवातीला, दोघांना मुद्दाम पुढे पाठवून, होडी लाटांवरून आत आणली तेव्हा मी मागे बसून केवळ इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष दिले. लाटेच्या माथ्यावर आवाज किंचित चढत होता, पण पंख्याने एकदाही हवा ओढली नाही, आणि जमिनीच्या हिशेबाने वेग दोन ते अडीच नॉट राहिला. एक अडचण मात्र लक्षात आली. आउटबोर्डचा पंखा सुकाणूच्या मागे असल्याने त्याचे पाणी सुकाणूवर पडत नाही, म्हणून अगदी हळू चालताना केवळ सुकाणू फिरवून होडी वळत नाही. जेटीला लागताना एक हात सुकाणूवर आणि दुसरा इंजिनाच्या हँडलवर ठेवण्याचा सराव गुरुजींना करावा लागला.

इंधनाबाबत दोन गोष्टी ठरवल्या. अंगच्या टाकीत लिटर-सव्वा लिटरच पेट्रोल मावते आणि मुखावरच्या लाटांत ती भरणे धोक्याचे आहे, म्हणून १२ लिटरची वेगळी टाकी जोडली. वारा पडला आणि दाभोळहून इंजिनावर परतावे लागले तरी हे अंतर सोळा-सतरा सागरी मैलांचे आहे. साडेचार नॉटने पावणेचार तास आणि तासाला सव्वा लिटर धरून पाच लिटरच्या आत भागते. दुसरी गोष्ट पेट्रोलच्या दर्जाची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. इथेनॉल दमट हवेतले पाणी शोषते आणि जुने झाले की पाण्यासह खाली बसते. यावर पक्का इलाज नाही. पेट्रोल थोडे आणि ताजे आणणे, टाकी व इंजिनामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर लावणे आणि होडी नांगरताना इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवणे, इतके आपल्या हातात आहे.

खाऱ्या पाण्यामुळे प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुणे भागच होते, आणि गुरुजी ते किनाऱ्यावर पाण्याच्या पिंपात इंजिन उभे करून पाच-सात मिनिटे चालवून करतात. होडीवर एका डब्यात प्लग, इम्पेलर (थंडाव्याचे पाणी ओढणारे रबरी चक्र), फिल्टर, पंख्याच्या पिना, इंजिनाला गंजापासून वाचवणारा झिंकचा तुकडा आणि स्टार्टरची दोरी असते. फोर-स्ट्रोकचे भाग हर्णैत लगेच मिळतीलच याची खात्री नसल्याने हा डबा निवडीचाच एक भाग मानला होता. मेअखेर, मासेमारी बंदी सुरू होण्याच्या सुमारास, होडी वर घेतली आणि इंजिन उघडले. गिअरचे तेल स्वच्छ निघाले, दुधाळ नव्हते, म्हणजे सील शाबूत होते. इम्पेलरच्या रबरी पाकळ्यांच्या कडा मात्र एकाच हंगामात वाळूने घासून बोथट झाल्या होत्या, जरी थंडाव्याच्या पाण्याची धार शेवटपर्यंत नीट पडत होती. म्हणून पुस्तिकेतली मुदत बाजूला ठेवून इम्पेलर दर पावसाळ्याआधी बदलायचा आणि उतरवलेल्यांपैकी बरा असेल तो डब्यात राखीव ठेवायचा, असे ठरले आहे.